कोकण किनाऱ्यावरच्या गावात काय बदललं हे शोधायचं असेल तर

पुण्यात बसून कोकणावर प्रोजेक्ट करणारी पोरं दरवर्षी भेटतात, आणि विषय असतो 'मच्छीमार समाजातील बदल'. एवढ्या मोठ्या विषयात काहीच हाताला लागत नाही. एकच वस्तू धरा. मी रापण धरली होती, म्हणजे मालवणकडे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढतात ते लांबलचक जाळं, त्याला भरपूर माणसं लागतात आणि मासळीचे वाटे पडतात. वाटा कुणाला किती, होडीवाल्याला काय, म्हातारं माणूस दोरीला नुसता हात लावायला आलं तर त्याला काय, एवढं विचारलं की ट्रॉलर, पर्ससीन (मोठ्या बोटीतून माशांच्या थव्याला वेढा घालणारं जाळं), मुंबईला गेलेली मुलं सगळं आपोआप निघतं.

जायच्या आधी वाचून घ्या. रत्नागिरीचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, १८८० चं, कुलाब्याचं १८८३ चं, दोन्ही नेटवर फुकट आहेत. जातींबद्दल लिहिलंय ते साहेबाच्या नजरेतलं, ते जपून घ्या, पण बंदरं आणि होड्यांची माहिती जबरदस्त आहे. जनगणनेचे आकडे जुळवताना १९८१ विसरू नका, त्या वर्षी कुलाब्याचं रायगड झालं आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, हे माहीत नसेल तर रत्नागिरीची लोकसंख्या एकदम घटलेली दिसते आणि आपण त्यावर थिअरी रचत बसतो.

कधी जायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. मी पहिल्यांदा डिसेंबरात छापील फॉर्म घेऊन गेले, कुणाला बोलायला वेळच नव्हता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा जा. जाळी दुरुस्त करत माणसं बसलेली असतात, तुम्हीही शेजारी बसा. एक आजोबा मान वर न करता सुई चालवत म्हणाले, पूर्वी सुताचं जाळं सालीच्या काढ्यात बुडवायला लागायचं, नायलॉन आलं आणि ते कामच गेलं. 'काय बदललं?' असं विचारलं असतं तर 'सगळाच बदलला' एवढंच मिळालं असतं.

बायकांशी बोलल्याशिवाय परत येऊ नका, विक्री त्यांच्या हातात असते, भाव आणि उधारी त्यांनाच पाठ. फक्त हंगामात संध्याकाळी दापोलीजवळच्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा मधे मधे करू नका, आटपलं की घरी जाऊन बोला.

रेकॉर्डिंग विचारूनच करा, नावं बदला, आणि मालवणी शब्द जसाच्या तसा लिहा, त्याच रात्री.