इंदुरात बसून मार्च मॅडनेस कसं फॉलो करायचं

मार्च मॅडनेस म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज टीमची मार्चमधली बास्केटबॉल स्पर्धा. आधी वेळेचं बघा. त्या दिवसांत अमेरिकेच्या ईस्टर्न टाइमपेक्षा आपण साडेनऊ तास पुढे असतो, म्हणजे तिकडे दुपारी 12 ची मॅच इकडे रात्री साडेनऊला, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता फोनवर बघता येते, आणि तिकडच्या रात्रीच्या मॅचेस आपल्या पोहे-जिलबीच्या टायमाला.

मग ब्रॅकेट भरा, म्हणजे कोणती मॅच कोण जिंकेल ह्या अंदाजाचा तक्ता. 68 टीम, एकदा हरला की घरी. पण वरच्या सीडवर (सीड म्हणजे स्पर्धेआधी टीमला दिलेला क्रमांक, 1 सगळ्यात वरचा) डोळे मिटून विश्वास नको, 2018 ला 16 व्या सीडच्या यूएमबीसीने पहिल्या सीडच्या व्हर्जिनियाला 20 पॉइंटनी धुतलं, आणि पुढच्याच वर्षी तीच व्हर्जिनिया चॅम्पियन! काय जिद्द असेल त्या पोरांची.

राजकारण पण वाचत जा, त्याशिवाय हा खेळ अर्धाच कळतो. 2021 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 9-0 ने एनसीएएच्या (ही स्पर्धा भरवणारी कॉलेज खेळांची संस्था) विरोधात निकाल दिला आणि त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मोकळीक मिळाली. मिळायलाच हवी होती, स्टेडियम त्यांच्यामुळेच भरतं ना! काकांशी निवडणुकीवर वाद घालता तसा ह्यावरही घाला, फक्त आधी निकाल नीट वाचून घ्या.