कोणता सिलिंडर पेटत नाही?

जुनं डिझेल इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटल्याने अडखळत चालत असेल, तर थेट हेड (इंजिनाचं वरचं झाकण) खोलायची घाई करू नका. आधी डिझेल फिल्टर पाहा आणि लाइनमधली हवा काढा. बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

तरी फरक नाही? मग इंजिन स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट पान्याने अर्धा फेरा सैल करा. आवाज बदलून इंजिन आणखी मंदावलं, तर तो सिलिंडर काम करतोय. नट लगेच आवळा. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. मात्र नटावर फडकं गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा हवाच आणि फवाऱ्यासमोर बोट अजिबात नेऊ नका. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

आता त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्याशी बदला, तांब्याचे वॉशर नवे घाला. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) गेलंय. जागेवरच राहिला आणि पाइपातून डिझेल नीट येत असेल, तर टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हवरची फट) तपासा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का ते.