ओल मोजायला शिकताना: काळ्या रानात आणि माळावर

सोलापूर भागात कोरडवाहू शेतीवर काम करायला येणारे विद्यार्थी पहिल्यांदा सेन्सरबद्दल विचारतात. कोणता घ्यावा, कितीला पडतो? मी प्रत्येकाला सांगतो, पहिला हंगाम ऑगर (माती काढायचा गिरमिट), झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्या, वजनकाटा आणि ओव्हन एवढ्यावरच काढा. इथली मालदांडी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर येते. ती ओल किती खोल आहे आणि त्यातली मुळांना किती ओढता येईल, हे आधी हाताने कळलं पाहिजे.

नमुने थराथराने घ्या: ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी. माती डबीत गेली की लगेच झाकण, डबी सावलीत आणि वजन त्याच दिवशी. मग १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायची. घटलेल्या वजनाला वाळलेल्या मातीच्या वजनाने भागायचं. नवखे बहुतेक वेळा ओल्या मातीच्या वजनाने भागतात आणि पुढचा सगळा तक्ता चुकतो.

आता खरं महत्त्वाचं. समजा, भारी काळ्या रानात वरच्या ३० सेंमीत २५ टक्के ओल निघाली. घनता (एका घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम कोरडी माती) १.३ धरली तर ते सुमारे ९७ मिमी पाणी होतं. पण अशा मातीत १८ टक्क्यांच्या आसपासच पीक सुकायला लागत असेल, तर पिकाच्या वाट्याला उरले फक्त २७ मिमी. शेजारच्या हलक्या रानात १२ टक्केच ओल आहे, पण तिथला सुकण्याचा बिंदू ६ टक्के आणि घनता १.५ असेल, तर तिथेही पिकाला २७ मिमीच मिळतात. नुसत्या टक्क्यांवरून दोन रानांची तुलना करणारा अहवाल मी बाजूला ठेवतो.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणजे घनताही हंगामभर बदलते. ती एकदाच मोजून भागत नाही. सेन्सरचं दुखणंही इथेच आहे. त्याच्या काट्यांलगत भेग पडली की तो हवा मोजू लागतो आणि आकडा एकदम कोसळतो. कारखान्यातून आलेलं कॅलिब्रेशन (सेन्सरच्या आकड्यावरून ओल काढायचं समीकरण) भारी चिकणमातीत जसंच्या तसं वापरू नका, ओव्हनच्या आकड्यांशी ताडून आपलं समीकरण बसवा. टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती ताणाने धरून आहे हे दाखवणारी पाणी भरलेली नळी, बागायतीत उत्तम, पण साधारण ८० किलोपास्कल ताणापुढे त्यात हवा शिरते. कोरडवाहू पीक तर त्यापुढेही कितीतरी दिवस तग धरतं. तिथे जिप्सम ब्लॉक, म्हणजे मातीत पुरून विजेच्या रोधावरून ओल सांगणारा ठोकळा, जास्त उपयोगी. २०१५ साली सोडलेल्या नासाच्या स्मॅप उपग्रहाचे नकाशे जरूर बघा, पण त्याला वरच्या ५ सेंमीतली ओल दिसते. ज्वारीची मुळं त्याच्या कितीतरी खाली असतात.

माळरानावर काम वेगळं. मुरमात ऑगर अडकतो, म्हणून खड्डा खणावा लागतो. २ मिमीच्या चाळणीवर राहिलेले खडे वेगळे तोलून त्यांचा वाटा हिशेबातून वजा करा, नाहीतर नसलेलं पाणी कागदावर दिसेल. कुसळीच्या थोंबाखाली, उघड्या जागेत आणि जनावरांच्या पायवाटेवर असे वेगवेगळे नमुने घ्या, कारण तुडवलेल्या जमिनीत पाऊस कमी मुरतो. सेन्सरची केबल पाइपात घालून पुरा. आणि जागा ठरवण्याआधी मेंढपाळांशी बोला. गवत कुठे उशिरापर्यंत हिरवं राहतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

या कामात यायचं तर बी.एस्सी. कृषीनंतर मृदाशास्त्रात किंवा कृषी अभियांत्रिकीनंतर मृद व जलसंधारणात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत; बाहेर कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी हैदराबादची क्रिडा आणि शुष्क प्रदेशावर संशोधन करणारी जोधपूरची काझरी या केंद्रीय संस्था आहेत. विषय पक्का करण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन प्रेशर प्लेट (दाब देऊन मातीतलं पाणी काढणारं यंत्र) चालू आहे का, १५ बारपर्यंत दाब धरते का, एवढं विचाराच. सुकण्याचा बिंदू त्याच यंत्रावर निघतो.