खर्रा सोडायचाय? आधी पानठेल्याची उधारी चुकवा

तर्री पोह्यानं तोंड जळायला लागलं तेव्हा मला वाटलं पोहेवाल्यानंच तिखट वाढवलं असेल. दोन-तीन ठिकाणं बदलून पाहिली, सगळीकडे तेच. मग एका संध्याकाळी गुपचुप (पुण्या-मुंबईकडं पाणीपुरी म्हणतात ते) अख्खा तोंडात जाईना, पाणी सगळं शर्टवर, पोरं हसली, मी पण हसलो. वय 21, आणि खर्रा सुरू होऊन चार वर्षं झालेली. फर्स्ट इयरला सबमिशनच्या रात्री एका सीनियरनं हातावर चिमूटभर ठेवला होता, "घे बे, झोप नाही येत" म्हणून.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लास्टिकच्या तुकड्यात) घालून घोटून घोटून ओला केलेला माल. नगर-मराठवाड्याकडं मावा असतो तो याचाच भाऊ. तंबाखू मळून बार लावणाऱ्यांना किंवा पुडीवाल्यांनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं. सिगारेटवाल्यांनाही पडेल, पण आपल्याकडं खरा घोळ तोंडात धरायच्या तंबाखूचा आहे. 2016-17 च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 24.4 टक्के मोठी माणसं बिनधुराची तंबाखू घेणारी निघाली आणि धूर काढणारी फक्त 3.8 टक्के.

पहिलं काम: तीन दिवस फक्त लिहा

लगेच सोडू नका. तीन दिवस जेवढा खाता तेवढा खा, पण प्रत्येक वेळी मोबाईलमध्ये टाइम लिहा, कुठं होतो, सोबत कोण होतं. मला वाटायचं मी दिवसाला तीन खातो. निघाले पाच. एक पंचवीसला म्हणजे महिन्याचे पावणेचार हजार, आणि घरी मी मेस महाग झाली म्हणून सांगत होतो. पण पैशापेक्षा कामाची गोष्ट दुसरीच निघाली, पाचातले तीन मला तलफ आली म्हणून नव्हते, कोणीतरी "चल" म्हटलं म्हणून होते. उरलेले दोन खरे, एक सकाळी उठल्या उठल्या आणि एक जेवणानंतर. तुमचेही असे वेगळे करून घ्या, कारण दोन्हीचा इलाज वेगळा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासात लागतच असेल तर सवय कडक आहे असं समजा.

दुसरं: आरशासमोर तीन बोटं

स्वतःची तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आतून पांढरट ताठ पट्टे लागत असतील तर आधी दाताचा डॉक्टर, मग बाकी सगळं. सरकारी डेंटल कॉलेजला जा, नागपूर, मुंबई, संभाजीनगरला आहेत, नाहीतर जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र कुठंय ते विचारा. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि तो होतो मुख्यतः सुपारीनं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळी पोस्टरं तंबाखूची, सुपारी म्हणजे आपल्याकडं पूजेला ठेवायची वस्तू! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. म्हणून खर्रा सोडून गोड सुपारी, मीठी सुपारी, "साधी" सुपारी चालू करणारे जे आहेत त्यांनी काहीच सोडलेलं नाही, तोंड आवळायचं काम चालूच राहतं.

तिसरं: तारीख ठरवा, आणि सोमवार नको

सोमवार नको कारण तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाईन 1800-11-2356 सोमवारी बंद असते. बाकीचे दिवस सकाळी 8 ते रात्री 8, फुकट आहे, मराठीत बोलतात. तंबाखूच्या पाकिटांवरही हाच नंबर छापलेला असतो, आपण पुडी फोडताना तोच भाग फाडतो ती गोष्ट वेगळी. परीक्षेचा आठवडा, मित्राचं लग्न, पोळा, असले दिवस टाळा. मी मंगळवार धरला होता.

आदल्या दिवशी उधारी चुकवा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे हसतात, पण पानठेल्यावर दोनशे रुपये बाकी असले की पाय तिकडं जातातच, "द्यायला गेलो आणि घेऊन आलो" हे माझं दोनदा झालंय. पैसे द्या, आणि तोंडानं सांगा की भाऊ, उद्यापासून मला देऊ नका, मागितला तरी. माझा ठेलेवाला म्हणाला, "सगळेच म्हणतात." पण चौथ्या दिवशी मी खरंच गेलो तर त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला. मग बॅग, गाडीची डिक्की, जीन्सचे खिसे, उशीखाली, सगळीकडं शोधून जे सापडेल ते गटारात. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, रात्री दोनला डब्यात हात घालणारा पोरगा मी बघितलाय. (मीच.)

चौथं: पहिले तीन दिवस

हेच वाईट. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो, चिडचिड, डोकं जड, झोप उडते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे उतरतं. तलफ मात्र एका वेळी पाच-दहा मिनिटांचीच असते, तेवढी काढायची. पाणी प्या, जिना उतरून या, कोणाला तरी फोन लावा.

जी गोष्ट कोणी लिहीत नाही ती लिहितो, सकाळी पोट साफ होत नाही. कितीतरी जण फक्त एवढ्यासाठी परत सुरू करतात, कारण तंबाखूशिवाय प्रेशरच येत नाही. हे थोड्या दिवसांचंच असतं. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री इसबगोल, आणि संडासात घाई नको, बस्स.

तोंडाला काम लागतंच. मी बडीशेप आणि भाजलेली जवस एका छोट्या डबीत ठेवायचो, डबी मुद्दाम चुन्याच्या डबीएवढीच घेतली कारण बोटांनाही सवय असते, बोटं खिशात जातात आणि काहीतरी शोधतात. वेलची, ज्वारीच्या लाह्या काहीही चालेल. आणि गालात घोळवायची सवय मोडा, चावा आणि गिळा.

निकोटीन गम घ्यायचा का?

सवय कडक असेल तर मदत होते, पण आपली पोरं तो च्युइंगमसारखा कचाकचा चावतात आणि मग मळमळतं म्हणून फेकतात. हळूहळू चावा, जिभेला झिणझिणी किंवा तिखटसर लागलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, चव गेली की परत थोडं चावा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, कोल्ड्रिंक नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. 2 मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 चा डॉक्टरच्या चिठ्ठीवर. अठराच्या आतले असाल किंवा तोंड आधीच आवळलं असेल तर स्वतःच्या मनानं गम नको, डॉक्टरला विचारा, पॅचही असतात. आणि गम फक्त निकोटीनची तलफ भागवतो, सुपारीची नाही, तिथं बडीशेपच.

वेप घेऊन सोडतो म्हणणारे भेटतात. ई-सिगारेट 2019 पासून देशात बंद आहे, चोरून मिळते, आत काय भरलंय देवाला माहीत. तो रस्ता नकोच.

पाचवं: पोरं

मित्र तोडा असं मी सांगणार नाही, होस्टेलमध्ये राहून ते जमतही नाही. दोन आठवडे ठेल्यावर जाऊ नका, त्याऐवजी चहाच्या टपरीवर बोलवा. "सोडलं" म्हटलं की चिडवतात, "साधू झाला का बे?", म्हणून मी "डॉक्टरनं टाके घातलेत" म्हणायचो. खोटं होतं, पण टाक्यांपुढं कोणी बोलत नाही. आणि ग्रुपमधला एक तरी सोबत सोडणारा मिळाला तर फार सोपं जातं, आम्ही दोघं रात्री एकमेकांना नुसता एक आकडा पाठवायचो, आजचे किती. शून्य, शून्य, एक, शून्य.

तो "एक" माझाच होता, अकराव्या दिवशी, मॅच हरल्यावर. एक खाल्ला म्हणजे सगळं गेलं असं नसतं, पण "आता खाल्लाच आहे तर" म्हणून दुसरा मागवला की मात्र गेलं. वेळ लिहा, सोबत कोण होतं लिहा, तोंड धुवा, पुढचा दिवस मोजा.

घरचे वाचत असतील तर

दादा, ताई, आईबाबा, पोराच्या खिशात पन्नी सापडली तर आधी मारू नका. मार खाल्लेला पोरगा फक्त चांगलं लपवायला शिकतो. तीन बोटांचं करून बघायला सांगा, हवं तर आधी स्वतः करून दाखवा. घरात आजीची मिसरी किंवा बाबांचा बार चालू असेल तर तुमच्या बोलण्याला काय वजन राहणार ते तुम्हीच बघा. आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत ठेला असेल किंवा अठराच्या आतल्या पोराला माल मिळत असेल तर ते 2003 च्या कायद्यानं गुन्हा आहे, शाळेला लेखी द्या. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, ती कशी पाळली जाते ते सगळ्यांना दिसतंच.

बोटांची टेस्ट दर महिन्याच्या एक तारखेला करत राहा. सुपारी थांबली की आवळणं बहुतेक तिथंच थांबतं, पण जे आवळलं ते आपोआप मोकळं होत नाही. मला डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक धरायचा व्यायाम दिला होता, हळूहळू एकेक वाढवायची. सुरुवातीला दोन बोटं जात होती, आता अडीच जातात. गुपचुप मी अजून फोडूनच खातो.