संत्र्याच्या बागेतलं ऊन कॅनव्हासवर

संत्र्याच्या बागेचा फोटो रंगवलेल्या चित्रासारखा करून कॅनव्हासवर छापता येतो. पण मोबाईलमधलं ‘पेंटिंग’ फिल्टर लावून तो फ्लेक्सवर छापला, की भिंतीवर बाग नाही, प्रचाराचा बॅनर लागतो. चित्र वाटणं-न वाटणं ठरतं ते ब्रशच्या फटकाऱ्याच्या मापावर, आणि ते माप छापल्यावर किती भरेल हे आधी काढायचं.

फोटो नोव्हेंबरात, सकाळी ७ ते ८:३० मध्ये काढा. आंबिया बहाराची फळं तेव्हा रंगलेली असतात आणि ऊन आडवं येतं. धुऱ्यावर उभं राहून सूर्य बाजूला ठेवा, कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर (उजेडाचं माप) ०.७ ने खाली घ्या. पानावरचं ऊन पार पांढरं उडालं, तर छपाईत तिथे शाईच पडत नाही. कोऱ्या कापडाचा ठिपका राहतो. फाईल मोबाईलमधून कॉम्प्युटरवर केबलने घ्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

१२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. ३६ × २७ इंच छपाईसाठी तो दुप्पट, म्हणजे ८००० × ६००० करायचा. मग छापील १ सेंटिमीटरला साधारण ८७ पिक्सेल येतात. आता गिम्पमध्ये (फोटो बदलायचं फुकट सॉफ्टवेअर) फोटोच्या तीन प्रती करा: २०००, ४००० आणि ८००० पिक्सेल रुंद. तिन्हींवर ऑइलिफाय (फोटोचे रंगाचे ठिपके करणारं फिल्टर), मास्क रेडियस म्हणजे ठिपक्याचं माप १०. नंतर लहान दोन्ही ८००० पर्यंत वाढवा. रेडियस एकच, पण ठिपके छापून निघतील जवळपास १ सेंटिमीटर, अर्धा सेंटिमीटर आणि अडीच मिलिमीटर.

जाड ठिपक्यांचा थर तळाशी: माती, आभाळ, मागची झाडं. त्यावर मधला, त्यावर बारीक. वरच्या दोन्हींना काळा लेयर मास्क (थर झाकणारा पडदा) द्या आणि मऊ पांढऱ्या ब्रशने हवं तेवढंच उघडा. मधला थर जवळच्या पानांवर, बारीक थर दोन-चार फळांवर आणि उन्हाच्या कडेवर. सगळीकडे बारीक उघडलं की पुन्हा फोटोच दिसतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं. ऑइलिफायच्या ठिपक्यांना दिशा नसते, म्हणून स्मज टूलने (रंग बोटाने पसरवल्यासारखं करणारं) पानं देठाकडून टोकाकडे ओढा. झाडाखालची काळी सावली कलर बॅलन्समध्ये निळसर-जांभळी करा. ऊन त्याशिवाय पिवळं वाटत नाही.

छपाई पिगमेंट शाईची, मॅट कॉटन किंवा पॉलीकॉटन कॅनव्हासवर, ३४० ते ३८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). तालुक्याला फ्लेक्सच मिळत असेल, तर नागपूर-अमरावती गाठा. फाईल एसआरजीबी (स्क्रीनचे रंग) टिफ द्या. सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) बदलून नेली की केशरी मळकट होतो. दीड इंच जाडीच्या फ्रेमसाठी चारही बाजूंना २ इंच जास्त ठेवून त्यात कडेचंच चित्र आरशातल्यासारखं उलटं भरा. आधी ८ × १२ इंचांचा तुकडा छापून घ्या. अख्खं चित्र लहान करून नव्हे, मूळ मापातलाच भाग. तो ज्या खोलीत लावायचं तिथे दिवसा पाहा. स्क्रीन स्वतः उजळते, कापड नाही, म्हणून तुकडा बहुधा काळवंडलेला येतो. तेवढे मिडटोन (मध्यम उजेडाचे भाग) उजळवा.

गुंडाळताना छापील बाजू बाहेर, नाहीतर शाईला सुरकुत्या पडतात. फ्रेम वाळलेल्या सागवानाची, आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी बसतील अशी. स्टेपल चारही बाजूंच्या मध्यातून कोपऱ्यांकडे मारत जा. पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडतो, तेव्हा त्या पाचरी हलक्या ठोकल्या की ताणतो. भिंत ओल धरत असेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांमागे अर्ध्या इंचाचे कॉर्कचे तुकडे चिकटवा, आणि दुपारचं ऊन थेट येतं ती भिंत सोडा.