रेड इअर आणि यलो बेली कासवांचा क्रॉस (संकर) करायचा असेल तर आधी हे वाचा

ठाणे-नवी मुंबईत घरी पाळलेलं कासव म्हणजे बहुतेक वेळा रेड इअर स्लायडर, त्याच्याच टँकमध्ये कोणी यलो बेली स्लायडर आणून सोडतं आणि मग विचारतं की यांचा क्रॉस होईल का. होतो, सहज होतो, दोन्ही एकाच जातीच्या उपजाती आहेत. पिल्लांच्या डोळ्यामागे कधी लाल पट्टा, कधी पिवळा डाग, कधी मधलंच काहीतरी येतं. पण स्लायडर आणि आपल्या तळ्यातलं मऊ पाठीचं कासव यांचं कुटुंबच वेगळं, तिथे काहीच होणार नाही, आणि देशी कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, स्टार कासव पण त्यातच आलं, त्यामुळे तो विषयच नको.

नर ओळखायचा पुढच्या लांब नखांवरून आणि लांब जाड शेपटीवरून. मादी बरीच मोठी होते आणि वयात यायला तिला पाच-सात वर्षं लागतात, लहान मादीजवळ नर ठेवू नका, तो तिला चावून हैराण करतो. मोठ्या मादीजवळ पण थोडा वेळच सोडा, समोर बसून बघा, मग वेगळा करा.

एक गोष्ट खूप जण विसरतात, मादी नराचं बीज शरीरात महिनोन् महिने, कधी वर्षाच्या वर साठवून ठेवते. म्हणजे आधी ती रेड इअर नराबरोबर राहिली असेल तर आज यलो बेली लावून निघालेली पिल्लं क्रॉसच आहेत असं छातीठोक सांगता येत नाही. खात्रीचा क्रॉस हवा तर पहिल्यापासून एकटी वाढलेली मादी घ्या.

मादी खायचं सोडून सारखी बाहेर यायला धडपडते आणि मागच्या पायाने उकरते तेव्हा अंडी जवळ आली समजा. वीतभर खोल ओलसर माती-वाळूचा टब द्या, जागा नाही मिळाली तर अंडी अडकतात आणि मादी जिवानिशी जाते, लक्षणं दिसली की लगेच व्हेटकडे न्या. अंडी काढताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि अजिबात उलटी करू नका. नर्सरीत मिळणारं वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) ओलं करून डब्यात ठेवा, दोन-अडीच महिने लागतात. नर की मादी हे तापमान ठरवतं, 27 डिग्रीच्या खाली जवळपास सगळे नर, 31 ला जवळपास सगळ्या माद्या, त्यामुळे ठाण्याच्या एप्रिल-मे मध्ये नुसत्या खोलीत ठेवलेल्या डब्यातून बहुतेक माद्याच निघणार.

आता माझं स्पष्ट मत, सगळी अंडी उबवू नका. एका वेळी दहा-पंधरा अंडी सहज येतात, वर्षात परत येतात, आणि एकेक कासव वीस-तीस वर्षं जगतं. दोन-तीन ठेवा, बाकीची घातली त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे आत पिल्लू वाढतच नाही. जास्त झाली म्हणून उपवनला किंवा मासुंदा तलावात सोडणं तर बिलकुल नको, स्लायडर अमेरिकेतलं कासव आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतं.

पिल्लू कोणाला दिलंत तर क्रॉस आहे हे आईबापाच्या फोटोसकट लिहून द्या. नोंद नसली की जाणकारही फसतात, 1991 मध्ये चीनमधलं एक कासव नवी जात म्हणून नोंदवलं गेलं होतं, मॉरेमिस आयव्हरसोनी, पुढे डीएनए तपासल्यावर ते दोन वेगळ्या जातींच्या कासवांचा संकर निघालं.