शरीराकडे लक्ष देताना या चुका टाळा

शरीराशी नातं सुधारायचं ठरवलं की बरेच जण नकळत त्याची उलटतपासणी सुरू करतात. पोट किती सुटलंय, खांदे वाकलेत का, छातीत धडधड का होतेय! हेतू चांगला असतो, पण शरीरावर आणखी एक पहारा बसतो. बाकीच्या पुष्कळ चुका इथूनच निघतात, म्हणून आधी याबद्दल.

जाणवलं की लगेच निकाल देणं

भूक, तहान, श्वास, हृदयाचे ठोके अशा आतून येणाऱ्या संवेदनांच्या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात. या संवेदनांचा एक मोठा मार्ग म्हणजे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू. त्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. त्या निरोपाचा अर्थ मात्र मेंदू लावतो. मन चिंतेत असेल तर साधी धडधडही धोक्याची वाटते, भीतीने ठोके आणखी वाढतात, आणि सारखी नाडी बघत राहिलं की हे चक्र थांबतच नाही.

अशा वेळी फक्त वर्णन करा. ‘पोट सुटलंय’ हा निकाल झाला. ‘पोट ताणल्यासारखं वाटतंय, बरगड्यांखाली जड आहे’ हे वर्णन. तरीही घाबरायला झालं तर लक्ष बाहेर वळवा: तळपाय जमिनीवर टेकवा, समोरच्या वस्तू एकेक करून पाहा, श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून तो घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा भोवळ येत असेल, तर यातलं काही करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

पहिल्याच दिवशी मोठा पल्ला

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या (सजगतेच्या) अभ्यासक्रमात ‘बॉडी स्कॅन’, म्हणजे पडून शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेण्याचा सराव, सुमारे ४५ मिनिटांचा असतो, आणि तिथे शिकवायला माणूस असतो. घरी एकट्याने तेवढा वेळ पडून राहिलं की झोप लागते, नाहीतर जीव कासावीस होतो. मग ‘मला काही जाणवतच नाही’ म्हणून लोक सोडून देतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलेल्या संवेदना एकदम ठळक होत नाहीत. मूठ घट्ट आवळा, सोडा, आणि हातात काय बदललं एवढंच बघा. अर्धं मिनिट पुरे.

पूर्वी मारहाण, अत्याचार किंवा मोठा अपघात सोसलेला असेल तर डोळे मिटून आत पाहणंच भीतीदायक ठरू शकतं. डोळे उघडे ठेवा, वाटेल तेव्हा थांबा, आणि शक्यतो समुपदेशकाच्या सोबतीने करा.

प्रेमाची सक्ती

आरशासमोर उभं राहून ‘माझं शरीर सुंदर आहे’ असं घोकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मनाला ते पटत नसेल तर प्रत्येक वेळी आतून विरोधच उमटतो. ‘हे पाय मला जिने चढवतात’ हे त्यापेक्षा बरं, पण आजारी किंवा अपंग माणसाला तेही टोचू शकतं. मला त्याहून साधं वाक्य आवडतं: ‘आज गुडघा दुखतोय, हळू चालू या.’ यात कौतुक नाही, तरी माया आहे.

वजनकाट्याबद्दल थोडक्यात: पाणी, मीठ, पोटातलं अन्न यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. त्यावर दिवसाचा मूड ठरवू नका.

ऐकायचं, पण मानायचं नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित चूक हीच. लघवीला लागलीय, पण ‘एवढं संपवते आणि उठते’. मान अवघडलीय, पण स्क्रीन सुटत नाही. रोज ध्यान करूनही दिवसभर असंच चालू राहिलं तर जाणीव वाढून उपयोग काय? आधी या छोट्या मागण्या लगेच पुऱ्या करा: उठा, पाणी प्या, कूस बदला.

भुकेच्या बाबतीत एक अपवाद आहे. खाण्यासंबंधीचा आजार असेल किंवा त्यातून नुकतेच बरे होत असाल, तर भूक लागल्याचं आणि पोट भरल्याचं जाणवणं बरेच दिवस बेभरवशाचं असतं. तोवर डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या वेळांनाच जेवा, भूक असो वा नसो.